एक्केचाळीसावा क्यू

शाळेतल्या करिअरवाल्या बाईंनी विचारलं होतं,
मेडिसिन की इंजिनिअरिंग?
शर्वरी म्हणाली, शिडी.
बाईंच्या यादीत शिडी नव्हती.

हल शहरात, नदीच्या अंगाला, एक जुनं मासळीचं गोदाम आहे.
धूर द्यायला हेरिंग टांगायचे ज्या तुळयांना
त्यांना आता दिवे टांगतात.
दमट दिवशी भिंतींना अजून वास येतो,
प्रेक्षकांना वाटतं, नाटकातलाच आहे.

मंगळवारी साडेपाचला तिथे पोरं जमतात.
फी नाही, उलट बसभाडं हातावर ठेवतात.
कीरन आला तो पिझ्झ्यासाठी.
पिझ्झा संपला, तो राहिला,
आता आवाज गोळा करत हिंडतो.
माझ्या दुकानातल्या बाटल्या हलवून बघून गेला,
म्हणाला, पॅरासिटामॉलचा पाऊस खोटा वाटतो,
कॅल्शियमचा पडतो खरा.
झोफियाची आई रात्रपाळीत मासे पॅक करते,
झोफिया राजाच्या झग्याला अस्तर लावते.
राजाला आतून खाज सुटली आणि तो वाक्य विसरला
तर जबाबदारी माझी, म्हणते.

डोरीनबाई त्यांच्या मुख्य. वय एकसष्ट, गुडघे त्याहून जुने.
पहिले सहा आठवडे त्यांनी माझ्या मुलीला
झाडू दिला, आणि केबल.
“केबलला आठवण असते,
तिला जसं वळायचंय तसं वळव.
ओढलीस तर आतल्या आत तुटेल
आणि कळेल ऐन प्रयोगात.”
हे शर्वरीने जेवताना सांगितलं.
मी वरण वाढून घेतलं.

फोनवर नातेवाईक विचारतात,
नाटकात असते म्हणजे, भूमिका कोणाची?
मी सांगतो, उजेडाची.
पलीकडे जरा शांतता.
मग, “बरं. पण दिवसा काय करते?”

एक विंग मलाही ठाऊक आहे.
मिरजेत, कॉलेजच्या एकांकिकेत,
हातात वही, नाकात पडद्याची धूळ,
नायक अडला की कुजबुजायचो.
दुसऱ्या वर्षी काका आले,
वही ठेवली, फार्मसीचा फॉर्म भरला.
वाईट झालं असं नाही. दुकान चाललं.
फक्त अजूनही कोणी बोलता बोलता थांबलं
की माझे ओठ हलतात.

शुक्रवारी पहिला प्रयोग.
“बटणं सगळी मीच दाबणार,
पण एक्केचाळीसावा क्यू माझा. मी बांधलाय.”
मी मोजायला बसलो.
एक, खिडकीतली पहाट. दोन. तीन.
सतरापर्यंत बरोबर होतो,
मग शेजारच्या आजोबांनी घशाच्या गोळीचा कागद उलगडला,
सावकाश, सावकाश,
आणि माझा आकडा सांडला.
त्यानंतर जे जे उजळलं
ते तिचंच समजून पाहत राहिलो:
नटीचं कोपर,
पाठमोरी खुर्ची,
जमिनीवर एक पिवळा चौकोन, ज्यात कोणीच आलं नाही.

पत्रिकेत नाव शेवटून दुसरं, स्पेलिंग चुकलेलं.
पुढे बारीक अक्षरांत: शिकाऊ, अठरा महिने, पगारी.
‘पगारी’ मी दोनदा वाचलं.

पावणेबाराला मागच्या दारातून आली,
पँटला काळ्या चिकटपट्टीचे तुकडे, हातांना लोखंडाचा वास.
“दिसला?”
“दिसला ना. पिवळा चौकोन.”
“तो तेहतिसावा, बाबा. डोरीनचा.”
“मग तुझा?”
“काळोख. तीन सेकंदांचा.
ती दार उघडते, त्याच्या आधी.”

मला वाटलं होतं, माझेच डोळे मिटले.

अ‍ॅनलबी रोडवर पोचेतो ती झोपली होती,
डोकं काचेला, बूट तसेच.
लाल सिग्नलला थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही.
हिरवा झाला,
आणि तिचं बोट गुडघ्यावर हलकेच दाबलं गेलं.
मागून कोणीतरी हॉर्न वाजवेपर्यंत
मी तिथेच.